डावीकडून आलेला उजेड

एल्डन पेल्की गेली सहा वर्षं गावातल्या म्हाताऱ्यांना कॉलेजच्या म्युझियममध्ये नेत होता आणि त्या सहा वर्षांत त्याने म्युझियमचा उंबरठा एकदाही ओलांडला नव्हता. ज्येष्ठांच्या केंद्राची पांढरी व्हॅन तो मागच्या आवारात मेपलच्या झाडाखाली लावायचा, एकेकाला हात देऊन उतरवायचा, आणि सगळी वरात काचेच्या दारातून आत गेली की पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसायचा. थर्मासमधली कॉफी, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आणि मध्येच एखादी डुलकी. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "चित्रं माझ्यासारख्यांसाठी नसतात. भिंत रंगवायची असेल तर सांगा, रंगवून देतो."

त्याचं आयुष्य बर्फ लोटण्यात गेलं होतं. गावच्या रस्तेखात्यात त्याने एकतीस हिवाळे काढले. ट्रकला पुढे भलंमोठं पोलादी पातं, मागे वाळू पसरायचा हौदा, आणि शाळेची बस निघायच्या आत बेचाळीस मैल रस्ता मोकळा करायचा. उजवा खांदा कायमचा दुखरा करून तो निवृत्त झाला. बायको नोरीन कधी विचारायची, "चुकल्यासारखं वाटतं का रे तुला त्या कामाशिवाय?" तर तो म्हणायचा, "बर्फ? तो पडला की अजून मी आधी शिवी देतो, मग चहा घेतो."

त्या एप्रिलमध्ये मात्र केंद्र चालवणाऱ्या जोलीनची पाठ धरली आणि ऑर्फा व्हिटकोमबाईंचा गुडघा नुकताच बदललेला होता. त्यांना व्हीलचेअरमधून न्यायला लागणार होतं. "तूच ढकल," जोलीन म्हणाली. एल्डनने व्हॅनच्या छताकडे बघितलं, पण तिथे काही उत्तर लिहिलेलं नव्हतं.

ऑर्फाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. चाळीस वर्षं गावच्या कचेरीत जन्म, मृत्यू, लग्नं आणि कुत्र्यांचे परवाने त्यांच्याच हाताखालून गेले. एल्डनशी त्यांचं जुनं वाकडं होतं. दर मोठ्या हिमवादळानंतर सकाळी साडेसातला रस्तेखात्यातला फोन वाजायचा आणि पलीकडे ऑर्फाबाई असायच्या, कारण त्यांच्या फाटकापुढची टपालपेटी पुन्हा एकदा बर्फाखाली गाडली गेलेली असायची.

"जपून," उतारावरून खुर्ची वर चढवताना त्या म्हणाल्या. "ही खुर्ची आहे, ढिगारा नाही."

"ऑर्फाबाई, तुमची पेटी मी तीनदा पाडली. तीनदा माफी मागितली."

"चारदा पाडलीस."

"चौथ्यांदा ती आपली आपणच पडली. खांब कुजला होता."

"तुझं पातं लागल्यावर कुजला."

आत उबदार होतं आणि लाकडाला मेण लावल्याचा वास होता. एका बुटांच्या कारखानदाराने आपला सगळा संग्रह कॉलेजला दिला, त्यातून हे म्युझियम उभं राहिलं. बाकीचे श्रीमंत पॅरिसहून चित्रं आणत होते तेव्हा हा माणूस फक्त आपल्याच देशातल्या चित्रकारांची घेत राहिला, मग ते कुणाला माहीत असोत वा नसोत. भिंतींवर शिडांची जहाजं होती, लांबट चेहऱ्यांचे व्यापारी, धुरकटलेलं रेल्वेचं आवार, परसात मटार सोलणारी बाई. बाकीची मंडळी माहिती सांगणाऱ्या प्राध्यापकामागे निघून गेली. ऑर्फाबाईंनी हाताने डावीकडे खूण केली.

"मी सगळं बघत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं बघणाऱ्याला काही दिसत नाही. मी एकच बघते. राखी पोशाखातली बाई. कुणी काढलं तेसुद्धा माहीत नाही. गावोगाव फिरून तसबिरी काढणारा कुणीतरी असणार. तिचा एक हात पार बिघडवलाय त्याने, पण चेहरा असा की, नुकतंच कुणाला तरी नाही म्हणून आलीय आणि तिला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलेलं नाही. दर वर्षी मी तिच्यासमोर तासभर बसते."

ते दालनात पोचले तेव्हा त्या जागी रिकामी भिंत होती. दोन खिळे आणि एक छोटं कार्ड. चित्र ओहायोतल्या एका प्रदर्शनासाठी उसनं दिलं होतं, ऑक्टोबरात परत येणार होतं.

ऑर्फाबाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"ऑक्टोबर," त्या म्हणाल्या. "अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला ऑक्टोबरचा वायदा करतात ही पोरं. चल, व्हॅनमध्ये ने मला."

एल्डनला खरं म्हणजे तेच हवं होतं. शब्दकोड्याचे अकरा शब्द राहिले होते. पण त्याने खाली पाहिलं तर ऑर्फाबाई त्या रिकाम्या भिंतीकडे ज्या तऱ्हेने बघत होत्या ते त्याला बघवेना. ही बाई फोनवर किती जोरात भांडायची.

"एवढा चढ चढवून आणलंय तुम्हाला," तो म्हणाला. "आलोच आहोत तर दुसरं काहीतरी बघा की."

"मग तू निवड."

"मी कशाला?"

"ढकलणारा तू. नेशील तिथे जाईन."

त्याने मान वळवली. पलीकडच्या दालनात एका चित्रासमोर पाठीला टेकू असलेला बाक होता. त्याचा खांदा ठणकत होता. बाकामुळे त्याने ते चित्र निवडलं, हे तो नंतर मोकळेपणाने कबूल करायचा.

चित्र फार मोठं नव्हतं. दोन हात रुंद असेल. बर्फातला एक रस्ता, एका कडेला दगडी कुंपण, पुढे वळण, मागे टेकडी. खाली पितळी पट्टीवर लिहिलं होतं, "टेकडीचा रस्ता, १९११. एल. कारमडी."

एल्डन बसला आणि मोठ्याने हसला. "बघा माझं नशीब. निवडून निवडून काय निवडलं तर बर्फ."

"पहिली दहा मिनिटं बोलायचं नाही," ऑर्फाबाई म्हणाल्या. "कंटाळा येईल. येऊ दे. तो गेला की मग जे दिसतंय ते सांग. वाटतंय ते नको, दिसतंय ते."

कंटाळा आला. त्याने बोटं मोडली, घड्याळ बघितलं, चित्राच्या चौकटीचे सांधे कसे जोडलेत ते बघितलं. मग बघायला दुसरं काही उरलं नाही म्हणून चित्र बघितलं.

"बर्फ आहे," अखेर तो म्हणाला. "रस्ता आहे. झाडं आहेत. झालं."

"एकतीस वर्षं बर्फात काढलीस आणि एवढंच? माझी मांजर याहून जास्त सांगेल."

हे त्याला लागलं. तो पुढे सरकला आणि कोपर गुडघ्यांवर टेकवून बसला.

"रस्ता लोटलेला नाही," तो हळूहळू म्हणाला. "दाबलेला आहे. तेव्हा बर्फ काढत नसत. घोड्यांच्या मागे लाकडी रूळ बांधायचे, माणसाएवढे उंच, आणि बर्फ दाबून घट्ट करायचे, घसरगाड्या चालाव्यात म्हणून. माझा आजा रूळ चालवायचा. हे बघा, इथे रस्ता चकाकतोय आणि कडेला नाही. दाबलेला बर्फ असाच चकाकतो, थोडा काचेसारखा. कुणी न बघता हे काढणार नाही."

"पुढे."

"कुंपणाच्या मागे बर्फ चढलाय तो बघा. मध्ये खोलगट आणि पुढे ओठासारखा बाहेर आलेला. वारा टेकडीवरून उतरला की तसाच साचतो. तिथे आपला ट्रक रुततो." तो थांबला. "आणि पांढरं काहीच नाही."

"म्हणजे?"

"बर्फ पांढरा नाहीच काढलेला. सावल्या निळ्या आहेत, जांभळट आहेत. हा उजेडातला भाग लोण्यासारखा पिवळा आहे. आणि खरंच असाच असतो तो, ऑर्फाबाई. मी ट्रकच्या काचेतून एकतीस वर्षं हेच बघत होतो. मला कुणी विचारलं असतं तर पांढरा म्हणालो असतो."

त्याला वाटलं, ऑर्फाबाईंना झोप लागली. पण त्यांचा चष्मा डोळ्यांवर होता आणि त्या चित्राकडेच बघत होत्या.

मग एल्डनला वळणावरची गोष्ट दिसली. तो उठला आणि जवळ गेला. दालन सांभाळणारी मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, ती लगेच उभी राहिली.

"हात लावत नाहीये," तो म्हणाला. "इकडे या, बाई. हे बघा. घसरगाडीची खूण रस्त्याच्या मधून येतेय, आणि वळणापाशी एकदम डावीकडे सरकते, मग पुन्हा मध्ये येते. दिसलं? तिथे झरा आहे."

"झरा तर काढलेला नाही," मुलगी म्हणाली.

"खाली आहे. रस्त्याखालून जातोय. त्यावरचा बर्फ कधी धड गोठत नाही, पोकळ राहतो. घोड्याला कळतं, तो बाजूने जातो. माझ्या रस्त्यावर बीन टेकडीला असंच वळण होतं, मी पण तिथे तसाच डावीकडून जायचो. या माणसाने झरा बघितला नसेल, पण वाकडी गेलेली खूण बघितली. आणि ती सरळ करून टाकली नाही. कुणाला कळलं असतं? तरी नाही केली."

त्या मुलीचं नाव टेस. जीवशास्त्र शिकायला ॲरिझोनाहून आली होती आणि गेल्या नोव्हेंबरपर्यंत तिने बर्फ फक्त फ्रीजमध्ये बघितला होता. आठवड्यातून तीन दिवस ती याच दालनात बसायची.

"माणूस नाही, बाई आहे," ती म्हणाली. "लविनिया कारमडी. आमच्या वहीत लिहिलंय. पायाशी गरम विटा ठेवून घसरगाडीत बसून काढायची."

एल्डनने पितळी पट्टीकडे पुन्हा पाहिलं. "उघड्यावर बसून?"

"उघड्यावर."

"हातमोजे घालून ब्रश धरता येत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एकदम आदर आला, जसा पूर्वी एखाद्या जुन्या ड्रायव्हरबद्दल बोलताना यायचा.

मग टेसने विचारलं की, थंडीत बर्फावरून चालताना करकर आवाज का येतो, आणि कधी येत नाही तो का. एल्डनने सांगितलं. कोरडा बर्फ, ओला बर्फ, साखरेसारखा, साबुदाण्यासारखा, वरून कडक आणि आतून मऊ. चाकाखालच्या आवाजावरून थंडी किती ते तो काच खाली न करता ओळखायचा. तो पंधरा मिनिटं बोलत होता. केव्हातरी प्राध्यापक आणि बाकीची मंडळी दारात येऊन उभी राहिली होती, हे त्याला कळलंही नाही. रॉयस नावाचे कानाने अधू म्हातारे मोठ्याने शेजारणीला म्हणाले, "हा ड्रायव्हर ना आपला? याला कुणी नेमलं?" तेव्हा तो गप्प झाला आणि मानेपर्यंत लाल झाला.

"दुपारी साडेतीनची वेळ आहे," जाता जाता तो टेसला म्हणाला. "फेब्रुवारीचा शेवट. बर्फावर कडक पापुद्रा आहे, कुंपणाचे दगड उन्हाच्या बाजूने उघडे पडलेत. ऊन डावीकडून येतंय, म्हणजे पश्चिम डावीकडे. तुमच्या वहीत लिहून ठेवा."

टेसने खरंच लिहून घेतलं.

घरी नोरीनने बटाट्याचं सूप पुढे ठेवलं आणि विचारलं, "मग? म्हातारीने छळलं का?" तो म्हणाला, "नाही." मग म्हणाला, "नोरीन, बर्फाची सावली निळी असते." ती म्हणाली, "मग काय हिरवी असते? मी खिडकीतून रोज बघते." एवढी वर्षं एका घरात राहून ही गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती, कारण त्याने बर्फाचं नाव काढलं की शिवीच दिली होती.

मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी लागायच्या आठवड्यात, टेसचा फोन आला.

"मिस्टर पेल्की, वाईट बातमी आहे. मी तुमचं म्हणणं आमच्या संग्रहपाल बाईंना सांगितलं. त्यांना आवडलं. त्यांनी कारमडीबाईंची पत्रं काढून दाखवली. एका पत्रात त्यांनी बहिणीला या चित्राबद्दल लिहिलंय."

"मग?"

"सकाळ आहे. तेवीस जानेवारी. आठ वाजता बसले, दहा वाजता रंग घट्ट झाला म्हणून उठले, असं लिहिलंय."

"शक्य नाही," एल्डन म्हणाला आणि फोन ठेवला.

दोन दिवस तो धुसफुसत होता. नोरीन म्हणाली, "मेलेल्या बाईशी भांडण काढून बसलायस. ती तिथे होती, तू नव्हतास." तिसऱ्या दिवशी त्याने तिला गाडीत घातलं आणि म्युझियमला नेलं. या वेळी बाक होता म्हणून नाही. तो उभाच राहिला, खूप वेळ. नोरीन आधी शेजारी उभी राहिली, मग बसली, मग मटार सोलणारी बाई बघून आली.

"हं," अखेर तो म्हणाला.

"काय?"

"मी गाढव आहे. मी बीन टेकडी बघत होतो. आमचा रस्ता उत्तरेला जातो, म्हणून मी धरूनच चाललो की हाही उत्तरेला जातो. हा दक्षिणेला जातोय. मग डावीकडे पूर्व आली. डावीकडून आलेलं ऊन सकाळचं." त्याने कपाळावर हात मारला. "आणि तो पापुद्रा. जानेवारीत चार दिवस ऊब येते, सगळं वितळतं आणि पुन्हा गोठतं. दर वर्षी येते. दर वर्षी मी त्या बर्फावर वाळू टाकली."

"म्हणजे तू हरलास."

"साफ हरलो," तो म्हणाला, आणि नोरीनला नवल वाटलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर हरल्याची काहीच खूण नव्हती. "ती म्हणते ते सगळं त्या चित्रात आहे. मीच वाचलं नाही."

त्याने ऑर्फाबाईंना हे सगळं त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "एकतीस वर्षं रस्त्यावर," त्या म्हणाल्या, "आणि याला दिशा कळत नाही. तरीच." मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "त्या पत्रात जागा लिहिलीय का कुठली?"

लिहिली होती. टेसने पत्राची प्रत पाठवली तेव्हा ती दोघांनी मिळून वाचली. शेजारच्या तालुक्यातल्या जुन्या चामड्याच्या कारखान्याजवळून दक्षिणेला बघताना, असं कारमडीबाईंनी लिहिलं होतं. कारखाना कधीच जमीनदोस्त झाला होता, पण गावच्या कचेरीतले नकाशे कुठे असतात आणि कुणाकडून मागवायचे हे ऑर्फाबाईंइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी चार फोन केले. ऑगस्टपर्यंत जागा सापडली.

एल्डन म्हणाला, "आत्ता जाऊन उपयोग नाही."

"ते मला कळतं," ऑर्फाबाई म्हणाल्या. "जानेवारीत जाऊ. मी असेन. मी ठरवलंय."

त्या होत्या. चोवीस जानेवारीला सकाळी, कारण तेवीसला ढग होते, एल्डनने आपला जुना पिकअप त्यांच्या दारात आणला, त्यांना दोन कोट आणि एका पांघरुणात गुंडाळून चढवलं आणि पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. आठला दहा कमी असताना ते तिथे पोचले. रस्ता आता डांबरी होता, नीट लोटलेला. "बऱ्यापैकी काम आहे," एल्डनने तो रस्ता लोटणाऱ्या पोराला गुण दिले. कुंपणाचे दगड निम्मे गायब होते. टेकडीवर झाडी वाढली होती आणि विजेचे खांब उभे होते. वळण मात्र होतं.

त्याने गाडी कडेला घेतली आणि हीटर चालू ठेवला. आठ वाजून गेल्यावर डाव्या बाजूच्या झाडांवरून ऊन आलं आणि रस्ताभर सावल्या पडल्या, लांब आणि निळ्या, कडांना जांभळट. मधला बर्फ पिवळा झाला. चित्रात होता तेवढाच.

"थोडा गुलाबीसुद्धा आहे," ऑर्फाबाई म्हणाल्या. "तो तिने कमी घेतला."

"तो आत्ता आहे. नऊला जाईल. ती दहापर्यंत बसली होती, नऊचा उजेड धरला असेल."

"असेल."

मग एल्डन उतरला. काठी घेऊन वळणापर्यंत चालत गेला, कडेचा बर्फ पायाने बाजूला केला आणि वाकून बघितलं. खाली सिमेंटचा गोल पाइप होता, रस्त्याखालून आरपार गेलेला, आणि त्यातून पाणी वाहत होतं, उणे पंधराच्या थंडीत, आपल्याच नादात. त्याने गाडीकडे बघून हात वर केला. ऑर्फाबाईंनी काच बोटभर खाली केली.

"आहे का?" त्या ओरडल्या.

"आहे."

"मग ये आत. पांघरूण गार पडतंय."

तो आला, बूट झटकले, दार लावलं. थर्मासमधली कॉफी त्याने दोन झाकणांत ओतली, एक त्यांच्या हातात दिलं. ऊन टेकडीवरून खाली उतरत होतं आणि सावल्या हळूहळू आखूड होत होत्या. दहा वाजेपर्यंत थांबायचं असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं, पण दहा वाजेपर्यंत ते थांबले.